बरे दिसते, म्हणून थांबावे का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: एका भगिनींनी लिहिले आहे, की आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पॅरासिटामॉलच्या गोळ्यांची पट्टी लागली. पट्टीतल्या किती गोळ्या आधीच वापरल्या होत्या आणि किती मुलाच्या पोटात गेल्या, हे कोणालाच सांगता येईना. मोठ्या जाऊबाईंनी मिठाचे पाणी पाजून उलटी काढून पाहिली, ती झाली नाही. मूल मात्र लगेच खेळू लागले, तेव्हा घरच्यांचे मत 'वाट पाहू' असे पडले. या भगिनी हट्टाने मुलाला रुग्णालयात घेऊन गेल्या. तिथे काही तास नुसते बसवून ठेवले, मग रक्त तपासले, अहवाल चांगला आला आणि एकही औषध न देता घरी पाठवले. तेव्हापासून घरात त्यांची ओळख 'उगाच घाबरणारी' अशी झाली आहे. आता चार आठवड्यांपूर्वी त्यांचे सासरे बाथरूममध्ये घसरले आणि डोके भिंतीवर आपटले. ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात. टेंगूळ दोन दिवसांत उतरले आणि विषय संपला. मात्र गेले चार दिवस त्यांचे डोके जड असते, दिवसा ते जास्त झोपतात, शर्टाची बटणे लावताना डावा हात साथ देत नाही आणि चालताना डाव्या पायातली चप्पल मागे राहते. घरचे म्हणतात, 'वय झाले आता.' भगिनी विचारतात: 'मी पुन्हा घाबरट ठरण्याची तयारी ठेवावी का, की अजून काही दिवस नुसते लक्ष ठेवावे? आणि माझ्या या स्वभावाचे काय करू?'

ताई,

तुमचे पत्र हाती पडले त्याच दिवशी तुम्हाला स्वतंत्र निरोप पाठवला होता, की सदरातल्या उत्तराची वाट पाहू नका, सासऱ्यांना लगेच तातडीच्या विभागात न्या. तो सल्ला पुन्हा स्पष्ट शब्दांत लिहितो, कारण हे वाचणाऱ्या आणखी कोणाच्या घरी आज हेच चालू असू शकेल. डोक्याला मार लागलेला आहे, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे आणि शरीराची एक बाजू नव्याने मागे पडते आहे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की घरी लक्ष ठेवण्याचा पर्याय उरत नाही. हाताची कमजोरी रक्तस्रावाची आहे, पक्षाघाताची आहे, की आणखी कशाची, हे पत्रावरून मला सांगता येणार नाही आणि डोक्याचा सीटी स्कॅन झाल्याशिवाय समोर बसलेल्या डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येणार नाही. कारण कोणतेही निघाले तरी जागा एकच आहे, आणि ती म्हणजे रुग्णालय. गोळीचा पुढचा डोस द्यावा की थांबवावा, हेही घरात ठरवू नका. ते औषध कोणत्या तरी कारणाने सुरू केलेले असते आणि ते अचानक बंद करण्याचे स्वतःचे धोके असतात. निघतानाच फोन करून डॉक्टरांना विचारा.

हे सांगून झाल्यावर आता तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी असलेल्या एका समजुतीकडे वळतो. ती एकट्या तुमच्या घरची नाही. बाहेरून झालेली इजा किंवा विषबाधा ही त्या क्षणाची घटना असते, जे व्हायचे ते तेव्हाच होते आणि नंतर माणूस बरा दिसला की ती संपली, असे आपण सगळेच धरून चालतो. तापाच्या बाबतीत आपण असे मानत नाही. ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, हे आपल्याला ठाऊक असते. पडणे, भाजणे, काहीतरी गिळणे यांबाबत मात्र आपण पहिल्या अर्ध्या तासावरून निकाल देऊन मोकळे होतो. प्रत्यक्षात अशा प्रत्येक इजेचे स्वतःचे घड्याळ असते आणि कित्येक घड्याळांत मधला काही काळ अगदी शांत जातो. तुमच्या घरात वाद झाला तो धाडस आणि भित्रेपणा यांच्यात झाला असे तुम्हाला वाटते. मला तो एका घड्याळाविषयीच्या माहितीचा वाद वाटतो.

तुमच्या मुलाचीच गोष्ट घ्या. पॅरासिटामॉल जास्त प्रमाणात पोटात गेले, तरी पहिले चोवीस तास बऱ्याचदा काहीच दिसत नाही. थोडी मळमळ होते किंवा तीही होत नाही. यकृताला होणारी इजा त्यानंतर रक्ताच्या तपासणीत दिसू लागते आणि ती साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर्वांत जास्त असते. कावीळ डोळ्यांत उतरेपर्यंत थांबलेल्या माणसाने उपचाराची सर्वांत चांगली वेळ घालवलेली असते. यावरचा उतारा, म्हणजे अ‍ॅसिटिलसिस्टिन नावाचे औषध, गोळ्या पोटात गेल्यापासून आठ तासांच्या आत सुरू झाले तर सर्वांत परिणामकारक ठरते. म्हणजे मूल खेळत होते ही वस्तुस्थिती खरी होती, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. त्या वेळी विषबाधा झालेले मूलही तसेच खेळले असते.

तुम्हाला तिथे काही तास 'नुसते बसवून ठेवले' त्याचेही कारण हेच आहे. गोळी गिळल्यानंतर चार तास उलटण्याआधी रक्तातल्या पॅरासिटामॉलची पातळी मोजली तर तिचा अर्थ लावता येत नाही, कारण औषध अजून आतड्यातून रक्तात उतरत असते. चार तासांनंतरची पातळी मात्र १९७५ साली रुमॅक आणि मॅथ्यू या दोघांनी प्रसिद्ध केलेल्या आलेखावर ठेवून पाहता येते आणि उतारा द्यायचा की नाही, याचा निर्णय करता येतो. घरच्यांना जे रिकामे बसणे वाटले, तीच खरी तपासणी होती. औषध दिले नाही म्हणून फेरी फुकट गेली, हा हिशेबच चुकीचा आहे. त्या फेरीतून तुम्ही एका प्रश्नाचे उत्तर घेऊन आलात, आणि ते उत्तर घरी बसून कोणालाही मिळणार नव्हते.

मिठाच्या पाण्याविषयी इथेच बोलायला हवे, कारण ही चूक प्रेमापोटी होते आणि म्हणूनच पुन्हा पुन्हा होते. काहीही गिळले की आधी उलटी काढायची, हा सल्ला एके काळी डॉक्टरही देत असत. त्यासाठी इपिकॅक नावाचे उलटीचे औषध घरात ठेवावे असेही सांगितले जाई. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २००३ साली ही शिफारस मागे घेतली, कारण त्याने मुलांचे भले होते असे दाखवता आले नाही. मिठाचे पाणी तर त्याहून वाईट आहे. लहान मुलाच्या रक्तातले सोडियम त्याने इतके वाढू शकते, की झटके येतात आणि मृत्यूही ओढवू शकतो. गोळ्यांनी जे केले नसते ते उपायाने होते. फरशी किंवा संडास साफ करण्याचे दाहक द्रावण गिळले असेल, तर उलटीबरोबर ते अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजत वर येते. रॉकेल किंवा टर्पेंटाइन असेल, तर त्याचा खरा धोका पोटाला नसून फुफ्फुसांना असतो आणि उलटी होताना ते श्वासनलिकेत जाण्याची शक्यता वाढते. तेव्हा तोंडात काही उरले असेल तर ते बोटाने बाजूला काढावे, तोंड पुसावे, बाटली किंवा पट्टी बरोबर घ्यावी आणि पाणी, दूध, कोळसा, लिंबू यांतले काय द्यावे हे डॉक्टरांना किंवा विष माहिती केंद्राला विचारल्याशिवाय काही देऊ नये. जाऊबाईंना हे सांगाल तेव्हा 'तुम्ही काय केलेत' असे न म्हणता 'आता असे करायचे नसते म्हणे' असे सांगा. त्यांनी जे केले ते त्यांना कोणीतरी शिकवले होते.

शांत काळाची आणखी काही उदाहरणे देतो, कारण एकच उदाहरण अपवाद वाटू शकते. लोहाच्या गोळ्या मुलाने जास्त खाल्ल्या, तर आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तासांनी मूल सुधारल्यासारखे दिसते आणि त्यानंतर रक्तदाब कोसळू शकतो. मधल्या सुधारणेला भुलून घरी नेलेली मुले गंभीर अवस्थेत परत येतात. बटणासारखी चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली, तर मूल केवळ लाळ गाळते, खायला नको म्हणते, क्वचित तेही नाही. पण त्या बॅटरीच्या विद्युतप्रवाहामुळे ओल्या पेशींपाशी क्षार तयार होऊन दोन तासांत खोल भाजू शकते आणि बॅटरी काढल्यानंतरही पुढचे कित्येक दिवस ती इजा आत पसरत राहू शकते. दाहक द्रावणाने भाजलेली अन्ननलिका भरून येते, मूल घरी जाते, आणि काही आठवड्यांनी घास अडकू लागतो, कारण व्रण आकसून नलिका अरुंद झालेली असते. बंद खोलीत कोळसा किंवा जनरेटरच्या धुराने बेशुद्ध झालेला माणूस मोकळ्या हवेत शुद्धीवर येतो, कामाला लागतो, आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी त्याची स्मरणशक्ती, चाल किंवा स्वभाव बिघडू शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा हा उशिरा येणारा परिणाम घरच्यांना त्या धुराशी जोडताही येत नाही. मण्यार चावली तर बऱ्याचदा दुखत नाही, सूजही येत नाही, आणि काही तासांनी पापण्या जड होऊ लागतात.

डोक्याच्या माराची तर दोन वेगवेगळी घड्याळे आहेत, आणि ती दोन्ही ठाऊक असली पाहिजेत. पहिले तासांचे. कानशिलाजवळचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक रोहिणी जाते. ती फाटली तर कवटी आणि मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागते. माणूस आधी ठीक असतो, बोलतो, हसतो, आणि साठलेल्या रक्ताचा दाब वाढला की झपाट्याने ढासळतो. इंग्लिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९ मध्ये कॅनडात स्कीइंग शिकताना पडल्या. आपल्याला काही झाले नाही असे त्यांनी सांगितले, आलेली रुग्णवाहिका परत गेली, आणि काही वेळाने डोके दुखू लागले. दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. कारण होते हाच रक्तस्राव. ज्यांना इजा झाली आहे, त्यांचे स्वतःचे 'मी बरा आहे' हे म्हणणे प्रामाणिक असूनही पुरेसे नसते.

दुसरे घड्याळ आठवड्यांचे आहे आणि तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत मला त्याचीच काळजी वाटली. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो आणि त्याच्यापासून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. साधा वाटणारा मारही त्यांतली एखादी शीर फाटायला पुरतो. रक्त हळूहळू झिरपते, रक्त पातळ करणारे औषध असेल तर ते थांबायला आणखी वेळ लागतो, आणि म्हातारपणी कवटीत जागा थोडी मोकळी असल्यामुळे सुरुवातीला काहीही जाणवत नाही. दोन, तीन, कधी सहा आठवड्यांनी डोके जड होणे, गुंगी, बोलण्यात गोंधळ, झोकांडी जाणे, एका बाजूचा हातपाय मागे राहणे, अशी लक्षणे येतात. तोवर घरातले सगळे ते पडणे विसरलेले असतात. पहिल्या दिवशी काढलेला स्कॅन चांगला होता म्हणून निर्धास्त राहणेही इथे चालत नाही, कारण काही वेळा रक्त त्यानंतर साठते. यात धीर देणारी बाजूही आहे: योग्य वेळी ओळखले, तर कवटीला लहानसे छिद्र पाडून हे साचलेले रक्त काढता येते आणि पुष्कळ रुग्ण चांगले सुधारतात, काहींना शस्त्रक्रियाही लागत नाही.

'वय झाले' या उत्तराबद्दल मात्र मला थोडे कठोरपणे बोलायचे आहे. वय चार दिवसांत होत नाही. गेल्या आठवड्यात स्वतः बटणे लावणाऱ्या माणसाला या आठवड्यात ती लावता येत नसतील, तर त्या दोन आठवड्यांमध्ये काहीतरी घडलेले आहे. आणि म्हातारपण दोन्ही हातांना सारखेच येते. एकाच बाजूची चप्पल निसटू लागली तर तिकडे म्हातारपण म्हणून पाहू नये. तुम्ही ती चप्पल पाहिलीत, हे भित्रेपणाचे लक्षण आहे असे तुम्हाला कोणी सांगितले असेल, तर ते मनावर घेऊ नका. घरात इतर कोणाचे तिकडे लक्ष गेलेले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुमच्या बाजूची एक समजूत. पत्रात तुम्ही लिहिले आहे, की मुलाच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसतो का हे तुम्ही आजही अधूनमधून पाहता. ताई, ते आता थांबवायला हरकत नाही. घड्याळ जसे 'थांबू नका' असे सांगते, तसेच 'आता पुरे' असेही सांगते, आणि दुसरा निरोपही तितकाच ऐकायला हवा. योग्य वेळी मोजलेली पातळी धोक्याच्या रेषेखाली होती आणि त्या दिवशी मुलाने पुन्हा गोळ्या खाल्ल्या नव्हत्या, तर ते प्रकरण त्याच दिवशी मिटले. आठ महिन्यांनंतर त्याचा परिणाम उगवत नाही. रॉकेल गिळलेले मूल सहा तास नीट श्वास घेत राहिले, खोकला नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ असला, तर डॉक्टर सहसा त्याला घरी सोडतात. म्हणजे घड्याळ ठाऊक असणाऱ्याला कायम काळजीत राहावे लागत नाही. तुमच्या स्वभावाचे काय करायचे, या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे, की त्याला मुदत घाला. डॉक्टरांकडून निघताना 'काही होणार नाही ना?' असे विचारू नका. त्याला कोणीही 'नाही' असेच म्हणेल. 'किती वेळ लक्ष ठेवायचे, कशावर ठेवायचे आणि कोणते लक्षण दिसले तर परत यायचे?' असे विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. ती मुदत संपली की लक्ष ठेवणेही संपवा.

प्रत्येक टेंगळासाठी रुग्णालय गाठावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. धावताना पडलेले मूल लगेच रडले, थोड्या वेळात शांत झाले आणि नेहमीसारखे वागू लागले, तर घरी थंड पट्टी पुरते. बेशुद्धी आली असेल, मग ती काही सेकंदांची का असेना, उलट्या पुन्हा पुन्हा होत असतील, डोकेदुखी वाढत असेल, झटका आला असेल, नाकाकानांतून पातळ पाण्यासारखा द्रव येत असेल, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा मोठी दिसत असेल, किंवा माणूस उठवूनही नीट जागा होत नसेल, तर थांबू नये. वयस्क माणूस आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारा कोणीही यांच्या बाबतीत डोक्याला मार लागताच, लक्षणे नसतानाही, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मार लागलेल्याला झोपू देऊ नये, असेही पुष्कळ घरांत मानतात. झोपेने इजा वाढत नाही. फक्त झोपेत लक्षणे झाकली जातात. म्हणून प्रश्न झोपला की नाही हा नसून, हाक मारल्यावर नेहमीसारखा उठतो की नाही, हा आहे.

घरी हे कसे मांडावे, हा तुमच्या प्रश्नाचा सर्वांत अवघड भाग आहे आणि त्यात तुमच्यापुढे तीन वाटा दिसतात. मिस्टरांना किंवा दिरांना पुढे करावे, सासऱ्यांशी थेट बोलावे, किंवा त्यांना गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून त्यांच्याकडून निरोप आणवावा. पहिल्या वाटेत वेळ जातो, कारण ज्यांना मुळात पटलेले नाही त्यांना आधी पटवावे लागते. तिसरी वाट मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण वडीलधाऱ्या माणसाला सुनेचे ऐकून उठण्यापेक्षा डॉक्टरांनी बोलावले म्हणून जाणे सोपे जाते आणि त्यांचा मानही राहतो. मात्र फोन लागला नाही तर त्यासाठी दुसरा दिवस उजाडू देऊ नका. कोणत्याही वाटेने जाताना वाक्य एकच ठेवा आणि त्यात भीतीचा उल्लेख करू नका: 'चार आठवड्यांपूर्वी बाबांचे डोके आपटले, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे आणि चार दिवसांपासून डावा हात-पाय मागे पडतो आहे.' 'मला काळजी वाटते' या वाक्यावर वाद घालता येतो, कारण मग चर्चा तुमच्या स्वभावाची होते. या वाक्यावर वाद घालायचा तर चप्पल निसटत नाही असे दाखवून द्यावे लागेल. तातडीच्या विभागात पहिल्या भेटणाऱ्या परिचारिकेलाही हेच वाक्य सांगा. पडल्याची गोष्ट चार आठवड्यांपूर्वीची असल्यामुळे ती आपणहून कोणी विचारीलच असे नाही.

पडण्याचे कारणही विचारून घ्या. 'घसरले' हे उत्तर आपण फार लवकर स्वीकारतो. उभे राहताना रक्तदाब उतरणे, साखर कमी होणे, हृदयाचे ठोके चुकणे, झोपेची किंवा रक्तदाबाची नवी गोळी, अंधूक दिसणे, यांतले काहीही त्यामागे असू शकते, आणि ते तसेच राहिले तर पुढचे पडणे ठरलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि अनवधानाने होणाऱ्या इजांच्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. सगळ्या प्रकारच्या इजा मिळून हा आकडा वर्षाला ४४ लाखांच्या आसपास जातो. यातल्या पुष्कळशा घटना 'साधे घसरणे' याच नावाने घरात नोंदल्या गेल्या असणार.

नोंदीचा विषय निघालाच आहे, तर रुग्णालये या घटना कशा नोंदवतात तेही सांगतो, कारण तुमच्या घरातल्या दुसऱ्या भांडणाशी त्याचा संबंध आहे. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत इजा आणि विषबाधा यांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे, एकोणिसावे, आणि ती इजा बाहेरच्या कोणत्या कारणाने झाली याचे दुसरे, विसावे. म्हणजे 'शरीराला काय झाले' आणि 'कशाने झाले' असे दोन वेगळे प्रश्न तिथे विचारले जातात. एकोणिसाव्या प्रकरणाच्या शेवटी इजेच्या मागे राहणाऱ्या परिणामांसाठीही जागा आहे, आणि मूळ इजेनंतर वर्षभराने किंवा त्याहून उशिरा आढळणारे परिणामही तिथे नोंदता येतात. 'गोळ्यांची पट्टी उशीजवळ कोणी ठेवली' यासाठी मात्र त्यात रकाना नाही. तुमच्या घरात आठ महिने याच प्रश्नावर धुसफूस चालू आहे असे पत्रावरून दिसते, आणि तेवढ्या काळात गोळ्यांची जागा बदलली की नाही याचा पत्रात उल्लेखही नाही.

ती आधी बदला. गोळ्या मुलाच्या नजरेच्या आणि हाताच्या वर, कुलपाच्या कपाटात असाव्यात. पाहुण्यांच्या पर्समधल्या आणि आजी-आजोबांच्या खिशातल्या गोळ्याही त्यात मोजाव्यात, कारण मुलांना गोळ्या बऱ्याचदा तिथेच सापडतात. लहान मुलांना उघडता येऊ नये अशी झाकणे मिळतात. अमेरिकेत त्यांची सक्ती करणारा कायदा १९७० साली झाला आणि त्यांचा उपयोग निश्चित आहे. पण त्यांच्या चाचणीची कसोटी अशी असते, की साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या मुलांपैकी किमान ८० टक्क्यांना दहा मिनिटांत झाकण उघडता येऊ नये. उरलेल्यांना ते उघडता आले तरी झाकण उत्तीर्णच ठरते. तेव्हा झाकणावर भिस्त ठेवून बाटली खाली ठेवू नका. साफसफाईची द्रावणे पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवणे आजपासून बंद करा. मोठ्या माणसांनीही अंधारात त्यांतून घोट घेतलेले आहेत. रिमोट, खेळणी, वजनकाटा यांच्या बॅटरीच्या कप्प्याला स्क्रू आहे का ते पाहा, नसेल तर चिकटपट्टी लावा. गोळ्यांच्या प्रत्येक पट्टीवर शेवटची गोळी कधी घेतली ते लिहायची सवय लावलीत, तर 'किती गेल्या' हा प्रश्न पुन्हा अनुत्तरित राहणार नाही. आणि तसा प्रश्न उभा राहिलाच, तर पट्टीत नसलेल्या सगळ्या गोळ्या मुलाच्या पोटात गेल्या आहेत असे धरूनच निघा.

सासऱ्यांसाठी बाथरूममध्ये भिंतीला पकडायची दांडी, खाली न घसरणारी चटई आणि रात्री जाण्याच्या वाटेवर दिवा, एवढे याच आठवड्यात करता येईल. आजोबांची मागे राहणारी, सैल चप्पल टाकून टाचेला पट्टा असलेली आणा. मात्र ती आणल्यावर पाय मागे राहणे दिसेनासे झाले, तर पाय बरा झाला असे समजू नका. रुग्णालयात जाताना त्यांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या. त्या कोणत्या वेळी घेतात आणि रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली, ते वरच्या कागदावर लिहा, कारण शस्त्रक्रियेची वेळ आली तर तिथे पहिला प्रश्न हाच विचारला जाईल.